अडुळशाला विश्रांती हवी

"चोर!"

मी इतक्या जोरात ओरडले की पाण्याच्या टाकीवरची सगळी कबुतरं एकदम उडाली. चोर मात्र उडाला नाही. तो तसाच वाकलेला, एका हातात माझ्या अडुळशाची फांदी, दुसऱ्या हातात तोडलेली पानं... आणि चेहरा असा, जणू मीच त्याच्या घरात शिरलेय.

"चोर नाही हो," तो म्हणाला. म्हणाला कसला — घशातून कसाबसा वारा बाहेर पडला. "खाली मावशींकडे राहायला आलोय. भाचा त्यांचा. त्या म्हणाल्या, गच्चीवर अडुळसा आहे, चार पानं घे आणि उकळून पी."

"मावशींचा आहे का अडुळसा?"

"नाही?"

"माझा आहे! ही सगळी गच्ची माझी आहे. म्हणजे गच्ची नाही, कुंड्या." रागात माझं नेहमीच असं होतं. "आणि पानं अशी ओरबाडतात होय? खालची जून पानं घ्यायची. हा बघा, कोवळा शेंडाच खुडलात!"

त्यानं खुडलेल्या शेंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि शेंडा अलगद फांदीवर परत ठेवून पाहिला. खरंच! जसा काही चिकटणारच होता. मला हसू फुटणार होतं, ते मी ओठ चावून आत ढकललं.

आता माझ्या बागेचं कौतुक मीच कशाला सांगू, पण सांगते. रंगाच्या रिकाम्या डब्यांत अडुळसा आणि गवती चहा, गळक्या टबात कोरफड आणि तिची डझनभर पिल्लं, कठड्याला पानओवा, आणि कुणीतरी टाकून दिलेल्या बेसिनमध्ये ब्राह्मी, कारण तिला सतत पाय ओले लागतात. इमारतीत कुणाला खोकला झाला, भाजलं, पोट बिघडलं की आमची बेल वाजते. देते मी सगळ्यांना. पण मागून घ्यायचं, चोरून नाही!

"करता काय तुम्ही?" मी विचारलं. इतका घसा बसायला माणूस काहीतरी करत असणार.

"बोलतो."

"बोलतात सगळेच."

"मी पगार घेऊन बोलतो. समोरच्या बस स्थानकावर. अमुक गाडी, तमुक फलाट..."

माझ्या हातातली झारी तिथेच थांबली. तो आवाज? तो?

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि आमचं दुकान स्थानकाच्या अगदी समोर. कित्येक महिने तो आवाज भोंग्यातून थेट आमच्या काउंटरवर यायचा. मी कुणाच्या तरी कानामागे काडी वाकवत असायचे, आणि 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं' ऐकलं की प्रवासी देवोत ना देवोत, मी लक्ष द्यायचेच. त्या आवाजाला मी मनात उंची दिली होती, मिशी दिली होती, रुंद खांदे दिले होते. आणि समोर कोण उभं? हडकुळा, विस्कटलेल्या केसांचा, कान जरासे बाहेर आलेला एक मनुष्य! पण हसला तेव्हा डोळे असे बारीक झाले की... जाऊ दे. मी त्याला जून पानं तोडून दिली, वर मधाची बाटलीही दिली. आईनं नंतर विचारलंच, "चोराला मध कधीपासून देतात गं?"

मी त्याला फलाटराव म्हणायला लागले. तो मला वैद्यीणबाई.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो वर यायचा. पानं घ्यायला — असं म्हणायचा. घसा सुधारत चालला तरी पानं लागतच होती, आणि मीही विचारत नव्हते. पानओव्याचं पान चुरगळून मी त्याच्या नाकाखाली धरलं की तो डोळे मिटायचा, आणि तेवढ्यात मी त्याच्या पापण्या निवांत बघून घ्यायचे. झारी देता-घेता बोटं लागायची. चुकूनच हं... निदान सुरुवातीला.

एकदा म्हणाला, मलाही शिकवा कलम लावायला. मी अडुळशाची एक काडी छाटली, पानं काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"आधी डोळा बघायचा. हा इथे, पान फुटतं तिथे. दोन डोळे मातीत जाऊ द्यायचे, दोन वर ठेवायचे."

"डोळे मातीत घातले तर दिसायचं कसं?"

"मातीतल्या डोळ्यांतून मुळं फुटतात. वरच्यांतून पानं."

"आणि माझ्यासमोर आहेत त्या दोन डोळ्यांतून?"

"राग," मी म्हटलं. पण माझे कान गरम झाले होते.

आठवडा गेला, त्याच्या काडीला कोंब म्हणून नाही. तो बिचारा रोज पाणी घालतोय, वाकून बघतोय, तिच्याशी बोलतोय. शेवटी मी उपटून पाहिली, तर काडी शीर्षासनात! बुड आकाशाकडे, शेंडा मातीत.

"अहो फलाटराव, उलटी लावलीत!"

"तू समोर असल्यावर माझं वर-खाली राहतंय कुठे?" तो म्हणाला... आणि मग आपण 'तू' म्हणालो हे लक्षात येऊन एकदम कुंडीत तोंड घालून माती दाबायला लागला. मी काही दुरुस्ती केली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून मीही 'तू'च म्हणायला लागले.

आवाज परत आला तो असा खणखणीत, की भोंग्याखालून जाणारी माणसं दचकायची. हा आवाज माझ्या गच्चीवर उगवलाय, असं प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगावंसं मला वाटायचं. मी किती सुखात होते! ते सुख किती दिवस टिकणार याची कल्पना असती तर आणखी चार दिवस मजा करून घेतली असती.

"अगं," एका सकाळी तो म्हणाला, "संध्याकाळवालीचाही घसा बसलाय. तिच्यासाठी पण देशील मूठभर?"

संध्याकाळवाली म्हणजे दिवेलागणीनंतर भोंग्यावर येते ती. तिचा आवाज म्हणजे मधाची बरणी. आमचे दुकानमालक काका तर तिचा आवाज आला की हिशेब थांबवतात. आतापर्यंत मला तिचं काही वाटत नव्हतं. आता वाटलं.

"देते की," मी म्हटलं, आणि दिली. किडकी पानं द्यायचा विचार मनात आला होता, पण माझ्या झाडाला कीड असती तर ना!

झालं! दोन दिवसांत बाईसाहेबांचा गळा असा मोकळा झाला की विचारू नका. माझी पानं, माझं झाड, आणि तिच्या गळ्याला साज! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं. वर मी आता कान देऊन ऐकायला लागले होते, आणि कान द्यायचा रोग वाईट. शिफ्ट बदलताना माईक चालूच राहायचा आणि दोघांची खुसखुस भोंग्यातून सगळ्या चौकाला ऐकू यायची. मग ती सुरू करायची. इतर गाड्यांची नावं ती साधीच घ्यायची, पण नदीपलीकडे जाणारी गाडी आली की तिच्या आवाजावर साय धरायची. 'नदीपलीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी...' हे एवढं लाडात? कुणासाठी? शिफ्ट संपवून तो अजून तिथेच उभा असणार, आणखी कुणासाठी!

"काय गं," काका म्हणाले, "त्या आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवतेयस की खिळा ठोकतेयस?"

आणि एका दुपारी ती स्वतःच दुकानात आली. तोंड उघडलं तशी मी ओळखली. दिसायला कशी असेल, असं वाटतंय ना? छान होती. फारच छान होती, मेली.

"लांबचं धूसर दिसतं हो मला," ती म्हणाली. "वरच्या खोलीतून गाड्या ओळखूच येत नाहीत. आणि अडुळसा तुमचाच ना? देव भलं करो तुमचं."

मी तिचे डोळे तपासले, अगदी नीट तपासले, कामात मी लबाडी करत नाही. लबाडी केली ती फ्रेममध्ये. कपाटाच्या तळातून सगळ्यात वाईट फ्रेम काढली. जाड, तपकिरी, कुणी हात न लावलेली. "ही तुम्हाला शोभेल," म्हटलं आणि तिच्या नाकावर चढवली.

शोभली! शाळेतल्या सगळ्या मुलांच्या लाडक्या बाईंसारखी दिसायला लागली. काका तर टाळ्याच वाजवायचे बाकी होते. "वा, वा! या फ्रेमला अखेर चेहरा मिळाला!"

"त्याला आवडेल ना पण?" ती आरशात बघत हळूच म्हणाली. "बोलत नाही फारसा... पण बघतो बारीक."

कुणाला आवडेल, असं मी विचारलं नाही. कशाला विचारू? उत्तर माहीतच होतं मला. बोलत नाही म्हणे! माझ्या गच्चीवर तर बोलायचा थांबत नाही. पण दिवसभर बोलून संध्याकाळी दमत असेल, आणि तिच्यासमोर नुसता बघत बसत असेल, असं माझं मीच जुळवलं आणि माझं मीच जळले.

त्याच आठवड्यात तो गच्चीवर उड्या मारतच आला.

"वैद्यीणबाई, बातमी! मुख्य कार्यालयात सगळ्या सूचना रेकॉर्ड करणार आहेत. मग वर्षानुवर्षं सगळ्या स्थानकांवर तोच आवाज! दोन आवाज निवडलेत. एक माझा."

"आणि दुसरा?"

"संध्याकाळवालीचा."

"अच्छा. म्हणजे जोडीनं?"

"जोडीनंच की. एक वाक्य तिचं, एक माझं. पुढच्या महिन्यात तीन आठवडे तिकडेच राहायचंय." मग त्यानं घसा खाकरला. "तुझा अडुळसा हवाय पण. कालपासून परत खवखवतंय..."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हणजे त्यांनी तिकडे जोडीनं गायचं आणि इकडे मी काढे उकळायचे!

"अडुळशाला विश्रांती हवी," मी म्हटलं.

"विश्रांती?"

"रोज रोज तोडून दमलाय तो."

त्यानं अडुळशाकडे पाहिलं. ते झुडूप असं माजलं होतं की कठडा दिसत नव्हता.

"किती दिवस?"

"तू तिकडून परत येईपर्यंत."

त्यानं अडुळशाचं एक पान बोटांत धरलं आणि सोडून दिलं. वाऱ्यानं गवती चहाची पाती त्याच्या गुडघ्यांवर घासत होती. "अडुळशालाच ना?" त्यानं हळूच विचारलं. "हवीय ती... विश्रांती?"

"हो!"

"बरं," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. मला वाटलं होतं, भांडेल. निदान वळून बघेल. मी तिथेच बसून गवत उपटायला लागले, आणि गवताबरोबर चांगला वाढलेला पानओवाही उपटून टाकला.

"अगं, कुंडीवर कशाला राग काढतेस?" आई कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "ज्याच्यावर आहे त्याच्यावर काढ की."

"माझा कुणावर राग नाही."

"नाही ना? मग रडतेस कशाला?"

दोन दिवस भोंग्यावर त्याचा आवाज आला, पण दर वेळी थोडा खाली, थोडा फाटलेला. मी कानात बोटं घालायचंच बाकी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळीच भोंग्यावर तिची मधाची बरणी उघडली. संध्याकाळीही तीच. चौथ्या दिवशीही तीच. ती इथे, मग तो कुठे? एकटाच पुढे गेला? आजारी आहे? मावशींचं दार माझ्या दारापासून दोन जिने खाली, पण नाक इतकं वर होतं की पाय खाली उतरेनात.

मग ती चष्मा न्यायला आली. मी तो तिच्या कानांवर बसवला, तशी ती आरशात न बघता सरळ दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. वळणावरून एक बस स्थानकाकडे येत होती.

"अगं बाई!" ती ओरडली. "दिसतोय! मिशीसुद्धा दिसतेय!"

"कोणाची मिशी?"

"माझ्या होणाऱ्या नवऱ्याची! नदीपलीकडची गाडी तोच चालवतो ना. इतके दिवस नुसत्या अंदाजानं पुकारत होते मी त्याला."

बस आमच्यासमोरून गेली. ड्रायव्हरनं चष्म्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शब्द न बोलता स्टिअरिंगवरचा हात उचलून छातीवर ठेवला. ती लाजून लाल झाली. मी पांढरी पडले.

"म्हणजे... फलाटराव नाही?"

"कोण फलाटराव?"

"सकाळवाला."

"तो?" ती हसली, मग तिचं हसू मावळलं. "त्याचा आवाज पार गेलाय हो. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, कुजबुजायचंसुद्धा नाही. दुखऱ्या घशानं दोन दिवस तसाच बोलत राहिला. पानं आण म्हटलं, तर म्हणे अडुळसा विश्रांती घेतोय. मला वाटलं, थट्टा करतोय."

मी तिच्या चष्म्याची डबी नुसतीच उघडमीट करत होते.

"मी म्हटलं, अरे, मग नुसता जा तिच्याकडे. तर म्हणाला, 'तिला माझा आवाजच तर आवडतो. आता तोही नाही, मग कोणत्या तोंडानं जाऊ?' ते शेवटचंच बोलला."

"काका, मी निघते," मी म्हटलं.

"निघते? अगं, डोळे तपासायला माणसं बसलीत!"

"मग त्यांना दिसेलच मी जातेय ते!"

जिने चढून आधी गच्चीवर गेले. अडुळशाच्या फांद्या ओरबाडल्या, जून-कोवळं काही पाहिलं नाही. मग खाली मावशींच्या दारात. दार त्यानंच उघडलं. गळ्याला मफलर, दाढी वाढलेली, आणि मला बघून चेहऱ्यावर इतका आनंद आणि इतकी भीती एकदम आली, की मला त्याला मिठी मारावी की चापट मारावी कळेना.

"बोलू नकोस!" मी म्हटलं. "मी बोलते. तुझी संध्याकाळवाली लग्न करतेय. ड्रायव्हरशी. तुला माहीत होतं?"

त्यानं मान हलवली. हो.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि तळहात उघडून दाखवला. तू विचारलंस कुठे?

"मी का विचारू? मी जळत होते! जळणारी माणसं कधी विचारतात का?"

स्वयंपाकघरात मावशींच्या हातून काहीतरी खाली पडलं. पण आता मी थांबण्यातली नव्हते.

"हो, जळत होते! तिच्या आवाजावर, तिच्या चष्म्यावर, तुमच्या त्या मेल्या खुसखुशीवर. अडुळसा कसला दमतोय? मी दमले होते, आतल्या आत. आणि आवाज आवडतो म्हणे! आवडतो, खरं आहे. पण तो काय माझा एकटीचा आहे? बस चुकलेल्या माणसालाही तो फुकट मिळतो. मला... मला तू हवायस. उलट्या काड्या लावणारा, कान बाहेर आलेला, तू. आवाज आला तर आला. नाही आला तर दोघांचं मी बोलेन, मला काही जड नाही."

"ते खरं आहे," मावशी आतून म्हणाल्या.

"आणि बरा झालास की रेकॉर्डिंगला जा. तिच्याबरोबरच जा. मी जळेनच, तिचा ड्रायव्हर असला तरी जळेन, स्वभावच आहे माझा. पण तू जा. पानं मी बांधून देईन. तुझं काम माझ्यामुळे गेलं तर मला..." पुढचं मला बोलता येईना. दोघांचं बोलायला निघालेल्या बाईचा घसा भरून आला होता.

तो काहीच करेना. नुसता बघत होता.

"अरे, मान तरी हलव!" मावशी ओरडल्या.

त्यानं मान हलवली नाही. माझ्या हातांतल्या फांद्या त्यानं एकेक करून काढून घेतल्या, बाजूच्या स्टुलावर ठेवल्या. माझ्या बोटांना अडुळशाचा हिरवा रस लागला होता, तो मफलरच्या टोकानं पुसला. मग माझे दोन्ही हात धरले आणि ओठ हलवले. आवाज नाही, कुजबुज नाही, श्वाससुद्धा नाही. नुसते ओठ.

"काय?" मी म्हटलं.

त्यानं परत ओठ हलवले. हळू, एकेक अक्षर.

"कळलं नाही."

आणखी एकदा. या वेळी कानांपर्यंत लाल होऊन.

कळलं होतं हो, पहिल्यांदाच कळलं होतं. पण सगळ्या चौकाला ओरडून सांगणारा माणूस असं काहीतरी सांगत होता, जे माझ्याशिवाय कुणालाच ऐकू येणार नव्हतं, दाराआड कान लावून उभ्या असलेल्या मावशींनासुद्धा नाही. ते मी एकदाच का ऐकून घ्यावं? मी त्याला पुष्कळ वेळा सांगायला लावलं.

मग मी म्हटलं, "मलाही."